हलका केलेला फोटो

हे गेले तेव्हा वन्संना येता आलं नाही. त्या दूर देशी लेकाकडे असतात, आणि डोळे अधू होत चाललेले. महिन्याभराने त्यांचा फोन आला. "वहिनी, दादाचा शेवटचा फोटो पाठव. अजून थोडं दिसतंय तोवर बघून घेते."

शेवटचा म्हणजे म्हातारपणातला तेवढा एकच. कॅमेरा दिसला की हे तोंड फिरवायचे. मागच्या दारात शेंगा सोलत बसले असताना मुलाने गुपचूप काढलेला. चष्मा कपाळावर, कवळी डबीत आणि हसू या कानापासून त्या कानापर्यंत. मुलाने तो कॉम्प्युटरवर उतरवून कॅमेरा रिकामा केला होता.

सुनेने ई-मेलला जोडला, तर जाईना. "आई, फोटो फार जड आहे. लहान करावा लागेल."

"जन्मभर अंगाला मांस धरलं नाही, आणि आता जड झाले होय?"

सून हसली.

तिने लांबी-रुंदी कमी केली. तरी अडला. आणखी कमी केली. पोस्टाच्या तिकिटाएवढा झाला तेव्हा कॉम्प्युटरने विचारलं, जुना फोटो काढून त्या जागी हा ठेवू का? मी शेजारी बसून एकेक अक्षर लावत वाचलं. सुनेचा हात थांबला होता. आमच्याकडे नवी चादर आली की जुनीचं फडकं होतं. मी म्हटलं, "ठेव की. एकाच फोटोच्या दोन प्रती कशाला? उगाच अडगळ."

तो लगेच गेला.

दुसऱ्या दिवशी वन्संचा फोन. "अगं, पडद्याला नाक लावलं तरी दादा दिसेना. मोठा पाठव."

सुनेने मोठा करायला घेतला, तर चेहऱ्याच्या नुसत्या फरशा झाल्या. चष्मा नाही, हसू नाही. मुलाने सगळीकडे शोधलं, रिकामा कॅमेरासुद्धा पुन्हा उघडून पाहिला. मूळ फोटो कुठेच नव्हता. सून रडायला लागली. "तू कशाला रडतेस?" मी म्हटलं. "ठेव तर मीच म्हणाले."

वन्संना खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं, तूच सांग. दाढी केली होती का?"

"नव्हती. पांढरे खुंट."

"आणि दात?"

"डबीत."

"म्हणजे आला तसाच गेला." त्या हसल्या, मग नाक ओढलं. "भुवईवरचा व्रण दिसत होता?"

मी पडद्याकडे पाहिलं. तिथे करडा चौकोन होता. "दिसत होता. डाव्या भुवईवर."

"उजव्या गं. झाडावरून पडला तेव्हा माझ्या फ्रॉकने रक्त पुसलं होतं मी."

जन्मभर समोर बसून जेवलो आम्ही. समोरच्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. "होय, उजव्याच," मी म्हटलं, आणि त्या चौकोनावर बोट ठेवलं. "आणखी विचारा, वन्सं. आठवतंय तोवर सांगते."