घरोघरी गाडी

प्रतिमाने चपला काढल्या, बस खात्याच्या कार्यालयाच्या पायरीवर आपटून त्यांतली वाळू झाडली आणि पुन्हा पायांत सरकवून ती तरातरा आत शिरली. विद्याधर नगरातल्या घरापासून बसच्या थांब्यापर्यंत रोज चाळीस मिनिटांची तंगडतोड! रस्ते आखलेत रुंदच्या रुंद, पण एक झाड नाही की चालणाऱ्याला हातभर जागा नाही. नवऱ्याची, राजनची स्कूटर सकाळी आठलाच झालान्यातल्या त्याच्या ऑफिसकडे जायची, तिची शाळा बरोबर उलट्या टोकाला. मुख्याध्यापिकेने तर काल तोंडावरच सांगितलं होतं, एक तारखेपासून पहिल्या घंटेला हजर, नाहीतर नोकरी सोडा. आज पंचवीस तारीख होती.

"भाईसाहब, हमारी बस का क्या हुआ?"

सुखदेवजी तिथले जुने कारकून. कॉलनीपर्यंत बस यावी म्हणून तिने अर्ज केल्यापासून चार महिने ते तिला चहा विचारत होते, बस तेवढी देत नव्हते. आज त्यांनी चष्मा काढला.

"नामंजूर हो गई, बहनजी. आपकी कॉलनी में तो घर-घर गाड़ी है. बस में बैठेगा कौन?"

"गाड़ी? किसके पास?"

"लोगों ने खुद लिखा है." त्यांनी फाईल पुढे सरकवली. दिवाळीच्या सुमारास खात्याची माणसं घरोघर फॉर्म वाटून गेली होती, तेच हे साठ फॉर्म.

प्रतिमाच्या डोक्यात तिडीकच गेली. साठ घरांत उण्यापुऱ्या दोन गाड्या, त्यातली एक विटांवर उभी! ती उभ्याउभ्याच पानं उलटू लागली. बँकेतले शामराव. 'स्वतःचे वाहन' पुढे लिहिलं होतं, कार. अगं बाई! हा माणूस तीन वर्षं मारुतीच्या बुकिंगची पावती देव्हाऱ्यात ठेवून बसलाय, नंबर लागायचा पत्ता नाही, आणि म्हणे कार! पुढचा फॉर्म शेजारच्या अलकाच्या घरचा. कार. त्याच्या पुढचा, कार. वा रे मिजास! बदलीची माणसं, भाड्याची घरं, आणि यांच्या कागदावरच्या गाड्यांपायी माझी नोकरी जाणार? एकेकाला आज दारात उभं करून जाब विचारते, असं पुटपुटत तिने आणखी एक पान उलटलं.

त्या पानावरचं अक्षर वळणदार होतं, फळ्यावर लिहावं तसं. तिचंच.

त्या दिवशी राजन चहा पिताना म्हणाला होता, "लिही की कार. बुकिंगची पावती आहे ना आपल्याकडेही? शामरावांनी कार लिहायची आणि आपण काय स्कूटर लिहायची?" तीही हसली होती. नुसतं कार लिहून तिचं भागलं नव्हतं, कोणी न विचारता पुढे रंगही लिहिला होता, सफेद.

"अच्छा, आपके यहाँ भी है!" सुखदेवजींना मनापासून आनंद झाला. "तो आज गाड़ी से आई हैं?"

प्रतिमाने आपल्या पायांकडे पाहिलं. घोट्यांपर्यंत धूळ होती. तिचे कान तापले.

"पेन दीजिए."

"अब काटने से क्या होगा? रिपोर्ट तो ऊपर चली गई."

"दीजिए, मतलब दीजिए!"

तिने कार खोडली. सफेदही खोडलं, कागद फाटेल इतक्या जोराने. शेजारी त्याच वळणदार अक्षरात लिहिलं, 'पैदल', आणि खाली सही ठोकली.

"बाकी के फॉर्म घर ले जाऊँ?"

"सरकारी कागज़ हैं, बहनजी. बाहर नहीं जाते."

"फिर कोरे दीजिए. साठ. सबसे दोबारा भरवाऊँगी."

सुखदेवजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्या फाटत आलेल्या कागदाकडे, आणि कपाटातून कोरे फॉर्म काढून दिले. गठ्ठा छातीशी धरून ती बाहेर पडली. बसमधून उतरल्यावर चाळीस मिनिटं चालायची होती. राजन सहाला घरी यायचा, आणि पहिला फॉर्म त्याच्याच हातात द्यायचा होता.