अकरा स्टोनांचे सभ्य गृहस्थ

इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या त्या गवताळ विमानतळावर विल्फ्रेड टॅपसेलला एकच काम होतं. पॅरिसला निघालेल्या प्रत्येक उतारूला सामानासकट काट्यावर उभं करायचं आणि आकडा वैमानिकाच्या कागदावर लिहायचा. काम सोपं होतं. इंग्रज माणसं सोपी नव्हती. बायकांसमोर वजन उघडं पडण्यापेक्षा भर चौकात पँट निसटलेली त्यांना चालली असती.

म्हणून विमान कंपनीचे व्यवस्थापक ऑर्म्सली यांनी तोडगा काढला होता. ज्याला काट्याची लाज वाटते त्याला वजन विचारायचं आणि सांगेल ते लिहायचं. विल्फ्रेडने एकदा कुरकुर केली, तेव्हा सभ्य माणसाच्या शब्दाला पुरावा मागत नाहीत, अशी समज त्याला मिळाली.

एप्रिलमधल्या त्या सकाळी बिस्किटांचे कारखानदार सर मॉर्टिमर ब्लॅक्सलँड आले. खुर्चीतून उठताना त्यांना दोन माणसांचा आधार लागायचा. रांगेत दोन बायका होत्या. काट्याकडे न बघता ते म्हणाले, "अकरा स्टोन." म्हणजे जेमतेम सत्तर किलो. मागे त्यांचे दोन भागीदार होते, तेही चांगलेच गलेलठ्ठ. पण सरांपेक्षा जास्त सांगणं बरं दिसलं नसतं. दोघांनीही साडेदहा सांगितलं.

विल्फ्रेडने तिन्ही आकडे सुवाच्य अक्षरात लिहिले. कॅप्टन एडगर प्रुएट केव्हाच विमानाच्या पुढच्या टोकाला, वैमानिकाच्या उघड्या जागेवर जाऊन बसला होता. मागच्या दाराने कोण चढतंय हे त्याला तिथून दिसत नसे. कागद हातात घेऊन तो खाली वाकला.

"वजन बरोबर आहे ना, विल्फ?"

"हो, कॅप्टन."

विमान कुंपणावरून कसंबसं उठलं. पलीकडची टेकडी काही त्याला ओलांडवली नाही. विमानातले आठही जण तिथेच जळून गेले.

सगळं खापर प्रुएटच्या डोक्यावर फुटणार हे चौकशीआधीच दिसत होतं. कंपनी त्याच्या 'धाडसी स्वभावा'बद्दल हळहळायलाही लागली होती. चौकशीत त्याची बायको एडिथ पहिल्या बाकावर येऊन बसली, नवऱ्याच्या नावावरचा डाग पुसला जावा एवढ्याच आशेने. तिला बघून विल्फ्रेडला राहवलं नाही. सर मॉर्टिमर अठरा स्टोनांच्या खाली नव्हते, आणि हे कळत असूनही आपण अकरा लिहिले, असं त्याने सांगून टाकलं.

चौकशीचे अध्यक्ष नौदलातून निवृत्त झालेले, अंगाने भरदार. त्यांनी हळूच पोट आत घेतलं.

"मेलेल्या गृहस्थांना तुम्ही खोटं ठरवताय?"

"मी खोटं लिहिलं, असं म्हणतोय, साहेब."

"म्हणजे बायकांसमोर त्यांना काट्यावर चढवायला हवं होतं?"

विल्फ्रेड हो म्हणाला. काहीतरी अश्लील ऐकल्यासारखे सगळे खिडकीबाहेर बघू लागले.

निकाल चहाच्या वेळेआधी लागला. विमान जड झालंय हे वैमानिकाने ओळखायला हवं होतं, तेव्हा दोष त्याचाच. काटेवाल्याने धरलेली भीड शिष्टाचाराला धरूनच होती. यापुढे काट्याभोवती पडदा लावावा.

ऑर्म्सलींनी विल्फ्रेडची पाठ थोपटली. बाहेर पायरीवर एडिथ त्याची वाट बघत होती. निघण्याआधी एडगरने काही विचारलं होतं का, एवढंच तिला हवं होतं. वजन बरोबर आहे का, असं ते दर वेळी विचारायचे, विल्फ्रेडने सांगितलं.

"घरीही सांगायचा," ती म्हणाली. "विल्फने हो म्हटलं की मी दुसऱ्यांदा विचारत नाही."