दंडावरची पेटी

मी काळ्या कातड्याची एक छोटी पेटी बोलतेय. ज्यू पुरुष रोज सकाळच्या प्रार्थनेला मला बांधतात, मला तेफिलीन म्हणतात. माझ्या पोटात चर्मपत्रावर हाताने लिहिलेली वचनं आहेत; 'ऐक, देव एकच आहे' हे रोज म्हणायचं वचन त्यातलंच. एक अक्षर जरी चुकलं असतं, तरी मी फुकट गेले असते. डोक्यावर बसते ती दुसरी पेटी माझी बहीण. मी डाव्या दंडावर, काळजाच्या शेजारी.

माझा मालक कुलपं दुरुस्त करतो. तेराव्या वर्षी वडिलांनी आम्हा दोघींना त्याच्या हाती सोपवलं. तेव्हापासून शनिवार आणि सणवार सोडले, तर एक सकाळ चुकली नव्हती. खांद्यावर शाल, मग मी, हातावर पट्ट्याचे वेढे, मग बहीण. बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "देवाला म्हणावं, चहा गार होतोय!" प्रार्थनेत मध्येच बोलायचं नसतं, म्हणून तो हसू दाबत पुढचं म्हणायचा.

मग ती आजारी पडली. इस्पितळाच्या व्हरांड्यात तो मला बांधायचा, इतकं आवळून की बोटं निळी पडत. रोजच्या प्रार्थनेत 'आजाऱ्यांना बरं कर' असं मागणं असतं. तिथे तिचं नाव घ्यायचा आणि अडकून पडायचा. परिचारिका म्हणायची, "काका, जरा सरका, स्ट्रेचर येतंय."

ती गेली.

दफन होईपर्यंत आम्हाला बांधायचं नसतं, तसा नियमच आहे. पण दुखवटा सरला तरी आमची पिशवी उघडली नाही. पट्टे कडक होत गेले.

एक दिवस लेक म्हणाली, "बाबा, बांधा ना."

"कशाला? जन्मभर 'ऐक, ऐक' म्हणत आलो. ऐकलं त्याने?"

"ते 'ऐक' त्याला नाहीच, बाबा. ते आपल्याला सांगितलंय."

"म्हणजे ऐकायचंही मीच?" तो ओरडला. "ऐकतोय की! रोज हे रिकामं घर ऐकतोय!"

लेक डोळे पुसत उठली. मला वाटलं, संपलं सगळं.

आज सकाळी त्याने स्वतःच पिशवी ओढली. बाही सारली. दंड केवढा वाळलाय! मी घसरले, तसा त्याने पट्टा रागाने आवळला. बहीण डोक्यावर बसली. शेवटी बोटांवर वेढे घेताना देवाशी कायमचं नातं जोडल्याचे शब्द म्हणायचे असतात. 'कायमचं' म्हणताना त्याचा आवाज बसला. त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबला. लेक दारात येऊन उभी राहिली.

आता तो नुसता बसलाय. पट्ट्याचं टोक मुठीत आहे.

मालका, शब्द फुटत नसेल तर राहू दे. रागावलायस, तर रागावूनच बस. पण मला परत पिशवीत घालू नकोस रे. तुझी नाडी माझ्याखाली उडतेय, तेवढी तरी मला ऐकू दे.