महाळुंगाचे खुंट

मोसंबीचं कलम गिऱ्हाईक वरूनच बघतं. पान तुकतुकीत आहे ना, डोळा फुटलाय ना, झालं. खालचा खुंट कुठल्या झाडाचा, हे बांधणाऱ्यालाच माहीत. माझ्यासारख्या आळशाचं त्यामुळेच फावतं.

कुंभार पिंपळगावच्या कडूबाईंनी शंभर कलमं सांगितली होती, जांभेरीच्या खुंटावरचीच. जांभेरीचं मूळ खोल जातं, पाण्याचा ताण सोसतं. साठ बांधून झाली आणि माझी जांभेरीची रोपं संपली. अंबडला तहसीलदारसाहेबांच्या बागेत आणखी मिळाली असती. मी कंटाळा केला आणि उरलेली चाळीस महाळुंगावर बांधली. महाळुंगाची मुळं वरवर पसरतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण पहिली पाच वर्षं ती चाळीसच जास्त डवरली. कडूबाई कौतुक करायच्या आणि मी निर्लज्जासारखा हसायचो.

मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. विहीर तळाला गेली, मोट बंद पडली. कडूबाई साठ झाडांना घागरीनं पाणी घालायच्या, त्यांची सून गोपिका चाळिसांना. साठ तगली, चाळीस पिवळी पडली.

"मच्छिंद्रभाऊ, माझ्या माघारी बसून राहत असंल ती," कडूबाई मला म्हणाल्या. "बिलकुल कामाची न्हाई. एक जरी झाड वाळलं तर माहेरी धाडते."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी मान डोलावली.

त्या दिवसापासून गोपिका नाल्यातल्या झिऱ्यावरून जास्तीच्या घागरी वाहायला लागली. दर बाजाराला मळ्याकडेच्या वाटेनं जाताना ती मला दिसायची. मी क्षणभर थांबायचो आणि सटकायचो. असे पाच बाजार गेले.

सहाव्या बाजाराला ती बांधावर पाय घसरून घागरीसकट पडली. मला राहवलं नाही. आत शिरलो, कडूबाईंना हाक मारली आणि एका झाडाचं मूळ उकरून दाखवलं.

"सूनबाईचा कसूर न्हाई. ही चाळीस मी महाळुंगावर बांधली. तुम्हाला फसवलं."

कडूबाई खाली बसल्या आणि उघडं मूळ मातीनं झाकायला लागल्या. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मामा," गोपिकानं विचारलं, "मंग आणखी पाणी घातलं तर वाचतील?"

"न्हाई. पहिलं पान पिवळं पडलं तेव्हाच मला कळलं व्हतं."

तिनं फुटक्या घागरीचे तुकडे बाजूला सारले.

"बाजाराला जाताना थांबून बघायचे तुम्ही," ती म्हणाली. "मला वाटायचं, गावात एकाला तरी माझी दया येती."

दया येतच होती. पण ते आता कोणत्या तोंडानं सांगणार?