पाट्याखालचं पत्र

मित्रांनो, एक पत्र सात महिने माझ्या अंगाखाली पडून होतं. पाकीट निळं, तिकीट परदेशी आणि अक्षर आमच्या दामिनीचं. ज्यांना ते आलं होतं ते साहेबराव रोज सकाळी स्वयंपाकघरात यायचे, माझ्याकडे बघायचे, चहा करायचे आणि कप घेऊन निघून जायचे. उत्तर काही लिहायचे नाहीत. कागद उडू नये म्हणून लोक त्यावर दगड ठेवतात. हे पत्र मात्र डोळ्यांसमोर येऊ नये म्हणून दगडाखाली ठेवलेलं होतं.

तो दगड म्हणजे मी. मी पाटा आहे. वय पंचेचाळीस. नांदेडमधल्या एका लहान घरात, बसून वाटता येईल अशा बुटक्या ओट्यावर, खिडकीला लागून माझी जागा आहे, आणि माझा जोडीदार वरवंटा माझ्या अंगावर आडवा पडलेला असतो.

माझा जन्म देगलूरजवळच्या खाणीतला. लक्ष्मम्माच्या वडिलांनी सहा-सात दगडांवर हातोडी वाजवून पाहिली आणि ज्याचा आवाज सगळ्यांत खणखणीत आला तो उचलला. तो मी. ही बढाई आहे असं कोणी म्हणेल, थोडी आहेच. चार दिवस त्यांनी मला घडवलं, माझ्या अंगभर छिन्नीचे बारीक टिपके मारले आणि लेकीला लग्नात दिलं. आम्ही वडारांच्या घरातले. दगड फोडणं, पाटे-जाती घडवणं हा पिढ्यांचा धंदा.

जावई मात्र निराळा निघाला. साहेबराव त्याच वस्तीत वाढले, पण छिन्नी त्यांच्या हातात कधी बसली नाही. पुस्तक बसलं. पुढे ते नांदेडच्या एका शाळेत ग्रंथपाल झाले. माणूस इतका लाजाळू, की पुस्तक परत न करणाऱ्या मुलाला ओरडायच्या ऐवजी स्वतःच मान खाली घालायचे. घरी मात्र लक्ष्मम्मा वाटण वाटायची तेव्हा शेजारी पाट टाकून बसत आणि तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत. माझी घरघर आणि त्यांचा आवाज, असं आमचं घर चालायचं.

दर रविवारी आमच्याकडे डुकराचं मटण शिजायचं. आलं, लसूण, मिरे माझ्यावर वाटले जायचे. लक्ष्मम्माच्या हातचं मटण इतकं मऊ व्हायचं, की हाड नुसतं फिरवलं तरी सुटून यायचं. पण भगुण्याला उकळी फुटली रे फुटली, की साहेबराव उठायचे आणि खिडकी लावून घ्यायचे. गल्ली दुकानदारांची, बहुतेक घरं शाकाहारी. कोणी कधी काही म्हटलं नव्हतं. पण कोणी म्हणेल, एवढंच त्यांना पुरेसं होतं.

"वास काय खिडकीला इचारून जातो का?" लक्ष्मम्मा म्हणायची. ते हसायचे, आणि कडी घट्ट करायचे.

त्यांची नात दामिनी शिकायला त्यांच्याकडेच होती, त्यांच्याच शाळेत जायची. पाचवीत असताना एकदा तिनं हौसेनं डब्यात बरगड्या नेल्या. मुलांनी विचारलं, तिनं सांगितलं, आणि तिच्या बाकावरची मुलं उठून लांब जाऊन बसली. ती डबा घेऊन धावत वाचनालयात गेली. आजोबा तिथेच होते. त्यांनी डबा हातातून घेतला, पुस्तकांच्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि हळूच म्हणाले, "उद्यापासून भाजी-पोळी ने."

संध्याकाळी ती माझ्याजवळ बसून रिकामाच वरवंटा पुढे-मागे करत हे सगळं आजीला सांगत होती. मग दाराशी उभ्या असलेल्या आजोबांकडे वळून तिनं विचारलं, "आजोबा, आपण चुकीचं खातो का?"

त्यांनी उत्तर दिलं नाही.

मित्रांनो, पुढची वर्षं भराभर गेली. मिक्सर आला आणि माझं काम सणावारापुरतं उरलं. दामिनी मोठी झाली, शिकायला दक्षिण कोरियातल्या बुसान शहरात गेली. तीन वर्षांपूर्वी लक्ष्मम्मा गेली, आणि त्यानंतर माझ्यावर कोणी काहीच वाटलं नाही. मी गुळगुळीत झालो. गुळगुळीत पाट्यावर फक्त धूळ आणि पत्रं ठेवता येतात. आमच्याकडे तर पत्रही खालीच ठेवलं गेलं.

ते पत्र मला पाठ आहे, कारण घरात दुसरं कोणी नसल्यामुळे साहेबराव मोठ्यानं वाचतात.

"आजोबा, मी राहते त्या खोलीच्या खाली एक खानावळ आहे. तिथल्या मालकीणबाई डुकराच्या बरगड्या सोया सॉस, लसूण आणि नासपती घालून मंद आचेवर शिजवतात. पहिला घास खाल्ला आणि मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी तीनदा करून पाहिलं, पण माझं मटण चपलेसारखं होतं. कृती सोबत पाठवली आहे. आजी काय करायची ते सांगा, तुम्ही तर रोज तिच्या शेजारी बसायचा. आणि अजून एक. इथं हे भांडं दार उघडं ठेवून सगळ्यांच्या मधोमध मांडतात. आपण खिडकी का लावायचो? फोनवर तुम्ही 'बरं' आणि 'जप' एवढंच बोलता, म्हणून पत्रच लिहा."

त्यांनी लिहायला घेतलं नाही असं नाही. चार वेळा घेतलं. 'चि. दामिनीस' लिहून झालं की पेन थांबायचं. मला स्वयंपाकातलं काय कळतं, असं पुटपुटत ते कागद फाडायचे. खरं कारण दुसऱ्या प्रश्नात होतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

मग एका रविवारी दामिनीचा फोन आला. पूर्वी तिचं बोलणं अर्धा तास चालायचं. आता चार मिनिटांत संपायचं. त्या दिवशी ती म्हणाली, "आजोबा, पत्राचं राहू द्या. मी ते मटण करणं सोडून दिलंय. मी पुन्हा नाही विचारणार." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. साहेबरावांनी फोन ठेवला. नात रागावली नव्हती, ती दूर चालली होती, आणि हे मला दगडाला कळलं तर त्यांना कळणारच.

त्यांनी मला उचललं, पत्र बाहेर काढलं आणि कृती समोर ठेवून यादी केली.

पहिली अडचण नासपती. शेजारचे बसलिंगप्पा फळांचे व्यापारी, पक्के शाकाहारी. साहेबरावांनी निरोप धाडला, तर ते स्वतःच पिशवी घेऊन दारात आले.

"सर, चार नासपती? दात हायेत का तुमचे?"

"शिकरणाला हव्या होत्या, अप्पा."

"नासपतीचं शिकरण?"

"पुस्तकात आहे," साहेबराव म्हणाले आणि कान लाल करून दार लावून घेतलं.

दुसरी अडचण मी. त्याच दुपारी गल्लीतून हाक आली, "पाट्याला टाकीऽऽ लावायची का टाकीऽऽ!" ती आमच्याच वडार वस्तीतली पारूबाई. खांद्याला झोळी, झोळीत छिन्नी-हातोडी. गुळगुळीत झालेल्या पाट्याला ती ठोके मारून पुन्हा खरबरीत करते, त्यालाच टाकी लावणं म्हणतात. साहेबरावांनी तिला आत बोलावलं. माझ्यावरून हात फिरवून तिनं कपाळाला हात लावला.

"अय्यो मास्तर! वडाराच्या घरात असला पाटा? पार आरसा झालाय की. ह्याच्यात बघून भांग पाडता काय?"

"खूप दिवस वाटलं नाही काही."

"लक्ष्मम्मा असती तर तुमच्याच पाठीला टाकी लावली असती."

साहेबराव हसले. तीन वर्षांत मी ते हसू पाहिलं नव्हतं. मग त्यांनी चाचरत विचारलं, बरगड्या मिळतील का. पारूबाईची छिन्नी थांबली.

"इतक्या वर्सांनी?"

"नातीनं विचारलंय, कशा करतात."

"मग आणते की. उद्या सकाळी, ताज्या." आणि तिनं मला असे ठोके मारले, की माझ्या अंगात जुनी खाण जागी झाली.

दुसऱ्या दिवशी साहेबरावांनी सगळं पत्राबरहुकूम केलं. बरगड्या तासभर गार पाण्यात ठेवल्या, एक उकळी दिली, ते काळपट पाणी फेकलं, एकेक तुकडा धुतला. मग दोन नासपती, कांदा, आलं आणि लसूण घेऊन माझ्यासमोर बसले. जन्मात प्रथमच ते वाटत होते. घामाघूम झाले. वाटण झाल्यावर त्यांनी बोटानं चाखलं आणि चेहरा पडला. दाताखाली कचकच. सगळ्या वाटणात माझी भुकटी उतरली होती.

"मला नाही जमत," ते म्हणाले. "मला काहीच जमत नाही." पत्र पुन्हा माझ्याखाली जाणार, असं मला वाटलं.

पण त्यांची नजर माझ्या ताज्या टिपक्यांवर गेली आणि तिथेच राहिली. "टाकी लावल्यावर पहिलं वाटण खायचं नसतं," ते सावकाश म्हणाले. "लक्ष्मम्मा मूठभर ज्वारी आणि खडेमीठ वाटायची, टाकून द्यायची. दोनदा. मग पाटा धुवायची."

हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. पारूबाईनंही सांगितलं नव्हतं. वडाराच्या घरात हे सांगावं लागतं, असं तिच्या मनातसुद्धा आलं नसेल. वर्तमानपत्राच्या कडेवरून त्यांनी चाळीस वर्षं सगळं पाहिलं होतं, आणि आपण पाहिलं हे त्यांनाच ठाऊक नव्हतं.

ते उठले. ज्वारी, मीठ, दोनदा. मला स्वच्छ धुतलं. उरलेल्या दोन नासपती आणि पुन्हा कांदा, आलं, लसूण घेतलं आणि वाटण लोण्यासारखं उतरलं. मी माझं काम चोख केलं, हे मी ठासून सांगतो.

जाड बुडाच्या भगुण्यात बरगड्या परतल्या गेल्या. वाटण, सोया सॉस, गुळाचा खडा, मिरपूड पडली. बरगड्या बुडतील इतकं पाणी घातलं. कृतीत पुढे नुसतं 'झाकण ठेवा' लिहिलं होतं. साहेबरावांनी झाकण म्हणून खोलगट ताटली ठेवली आणि त्या ताटलीत पाणी ओतलं. हीसुद्धा लक्ष्मम्माची रीत. आतलं पाणी आटलं, की वरचं तापलेलं पाणी आत घालायचं, गार पाणी कधीच नाही. शिजत्या मटणावर गार पाणी पडलं की ते आकसून बसतं, असं ती म्हणायची.

अर्ध्या तासानं गोडसर, लसणाचा दाट वास घरभर पसरला. साहेबराव उठले आणि हात आपोआप खिडकीकडे गेला. बोटं कडीवर आली. मित्रांनो, मी त्या बोटांकडे बघत होतो. ती कडीवर थोडा वेळ राहिली, मग खाली आली. खिडकी उघडीच राहिली.

आणि नेमके बाहेरून बसलिंगप्पा चालले होते.

"सर, काय शिजवून राहिले?"

साहेबरावांचे कान पुन्हा लाल झाले. पण ते खिडकीपासून हलले नाहीत. "डुकराच्या बरगड्या."

"आन् माझ्या नासपती?"

"त्यातच."

"शिकरण म्हणले होते तुम्ही."

"खोटं बोललो."

"हाव, ते तर तव्हाच कळलं मला." बसलिंगप्पा खिडकीजवळ आले, नाकाला उपरणं लावून. "तीस वर्षं झाली सर, दर रविवारी तुमची खिडकी लागायची आन् वास आमच्या माडीवर यायचा. आमची आई म्हणायची, एवढ्या उकाड्यात हे लोक कोंडून कशापायी घेतेत? आम्ही कधी काही म्हणलो का?"

"नाही, अप्पा. तुम्ही म्हणाल म्हणून मीच आधी स्वतःला म्हणत आलो."

बसलिंगप्पांनी उपरणं सावरलं. "खरं सांगतो, आज मी आत येणार न्हाई. सोसत न्हाई मला. उद्या चहाला येतो." आणि दोन पावलं जाऊन मागे वळले, "खिडकी ऱ्हाऊ द्या पर."

मुळा आणि गाजराचे मोठे तुकडे पडले, आणखी अर्धा तास गेला. शेवटी ताटली काढून रस दाट होईपर्यंत आटवला, वर भाजलेले तीळ टाकले. साहेबरावांनी एक हाड चिमटीत धरून फिरवलं. ते स्वच्छ सुटून हातात आलं. त्यांनी भाकरीबरोबर पोटभर खाल्लं, ओट्यापाशी बसून, उघड्या खिडकीसमोर.

मग तिथेच त्यांनी पत्र लिहिलं आणि नेहमीसारखं मोठ्यानं वाचलं. त्यात टाकीनंतरचं पहिलं वाटण होतं, ताटलीतलं गरम पाणी होतं. आणि शेवटी हे होतं: "खिडकी आजी नाही, मी लावायचो. मला भीती वाटायची. त्या दिवशी तुझा डबा मी कपाटात ठेवायला नको होता. तुझ्या शेजारी बसून त्यातली एक बरगडी सगळ्यांसमोर खायला हवी होती. तू विचारलं होतंस, आपण चुकीचं खातो का. नाही, बाळ. उत्तर द्यायला मला बारा वर्षं लागली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टपाल कार्यालयात गेले, वजन करून घेतलं, तिकिटं लावली आणि पत्र घेऊन घरी परत आले! आणि ते पुन्हा माझ्याखाली सरकवलं.

चहाला आलेल्या बसलिंगप्पांना पाकिटाचा कोपरा दिसला. "हे काय?"

"दामिनीला लिहिलंय. एकदा परत वाचावं म्हणतो. शेवट नीट उतरला नाही."

"तिकिटं लावलेत की. का पाट्यासकट धाडायलेत कोरियाला?"

मित्रांनो, मी दगड आहे, माझी अपेक्षा फार नाही. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला कोपऱ्यात गुळगुळीत होऊ देऊ नका. वर्षाकाठी टाकी लावून घ्या, पहिलं वाटण टाकून द्या, आणि मग बेलाशक वाटा. आम्ही वापरानं झिजतो, पण वापरलं नाही तर आमचा नुसता दगड होतो. आणि आमच्याखाली दुसऱ्याच्या नावाचं काही ठेवू नका. आमचं वजन त्यासाठी नाही.

साहेबरावांनी कप खाली ठेवला. दोन्ही हातांनी मला एका बाजूनं उचललं आणि पाकीट ओढून घेतलं. पायात चपला घातल्या. खिडकी उघडी होती म्हणून मला रस्ता दिसत होता आणि कोपऱ्यावरची लाल टपालपेटीसुद्धा. ते पेटीसमोर उभे राहिले. पाकीट अर्धं आत घातलं, तसंच धरून ठेवलं. शेजारून एक सायकल गेली. मग त्यांचा हात बाहेर आला, रिकामा.