गळ्यावरची चिठ्ठी

सोमवारी सकाळी सॉफ्टवेअरच्या कोडमधल्या चिठ्ठ्या माणसांवर उतरल्या. माझ्या गळ्यावर @ओव्हरराइड चिकटली होती. ‘हे पेरेंटकडून आलंय, मी माझ्या पद्धतीनं केलंय,’ असा तिचा अर्थ. ऑफिसात अशा चिठ्ठ्या बरोबर जागी आहेत ना, हे तपासणं माझंच काम. त्यामुळे नवल वाटलं नाही.

ऑफिसात ठोंबरेसरांच्या कपाळावर @डेप्रिकेटेड होती, म्हणजे ‘जुनं झालंय, वापरू नका.’ त्यांनी वरून केस ओढून घेतले.

"हसू नका. सहा वर्षं आहे, काढायला कुणाला वेळ नाही. तुमची कशावर?"

"अंगाईवर."

"मग तीच अंगाई आईकडे आहे का, बघून या. नसेल तर चूक. पाचला बिल्ड आहे, सगळं नव्यानं जोडताना चुकीचं असेल ते काढणार."

"चिठ्ठी ना?"

"चिठ्ठीसकट गाणं."

माझी शर्वी अडीच वर्षांची. दुसऱ्या कशानंही झोपत नाही. आईच्या अंगाईत चांदोबा विहिरीत उतरायचा. माझ्या अंगाईत तो लिफ्टनं नवव्या मजल्यावर येतो. नाव तेच, चाल तीच.

मी घरी गेले. आई एकेक गोष्ट विसरते तशी तिची खोली एकेक फरशी लांब होते. परवापर्यंत दारातून पलंग दिसायचा. आज मी चपला घातल्या, पाण्याची बाटली घेतली. पोचले तेव्हा पावणेपाच झाले होते.

"कोण गं तू, बाई? केवढी दमलीस!"

"आई, चांदोबाची अंगाई म्हण ना."

"मी?" ती लाजली. "ती तर माझी आई म्हणते. मी नुसती झोपते."

तिनं उशीवर मान टेकली. पदर सरकला. तिच्या गळ्यावर तीच चिठ्ठी होती, हळदीसारखी पिवळी पडलेली.

मी सरांना फोन लावला.

"मग तिच्या पेरेंटकडे जा," ते म्हणाले. "पंधरा मिनिटं आहेत."

फोनवर त्यांच्या मागून कुणीतरी म्हणालं, "सर, केस सरकले."

पलंगामागे भिंत नव्हती. फरशा पुढे जात होत्या. आई उठली. तिनं माझं बोट धरलं, शर्वी धरते तसं.

"चल. मला रस्ता पाठ आहे."

दाराकडून शर्वीचं झोपाळू रडणं बारीक ऐकू येत होतं. माझ्या चिठ्ठीचा एक कोपरा सुटला होता. तो मी अंगठ्यानं दाबून धरला.

फरशा संपल्या. पायाखाली ओली माती लागली. समोर विहिरीच्या कठड्यावर कुणी पाठमोरी बसली होती. पाच वाजायला एक मिनिट होतं. आमची चाहूल लागताच तिनं गाण्यासाठी श्वास घेतला, आणि थांबून आपल्या गळ्यावर चिठ्ठी आहे का, ते चाचपू लागली.