त्रेचाळीस सेकंद

“हा पंखा हवा देऊन राह्यला का नुसत्या चकरा मारून राह्यला?” काँप्युटरपुढं बसलेल्या प्रांजलीच्या खांद्यामागं पुंजाराम फिटर पुटपुटला. जालन्याच्या त्या सळयांच्या मिलमध्ये तीस वर्षं काढली त्यानं. भट्टीची तक्रार कधी केली नाही, आज पंख्याची करत होता.

बाहेर बाकावर कौसल्या बसली होती. नऊ दिवसांपूर्वी भट्टीच्या गार पाण्याची नळी फुटली, वाफेचा भडका उडाला आणि तिचा नवरा बिभीषण जागच्या जागी गेला. मॅनेजर राधेश्यामजींनी कागद तयार ठेवला होता: ‘भोंगा वाजूनही कामगार हलला नाही.’ त्यावर तिची सही हवी होती.

“काँप्युटरात भोंग्याची नोंद आहे ना, टाइमासकट? तेवढी छापून दे बेटा, जल्दी,” राधेश्यामजी प्रांजलीला म्हणाले.

नोंद होती. अकरा बेचाळीस, सात सेकंद. पण ती वेळ पाण्याचा दाब उतरल्याची, नोंदीची मागणी निघाल्याची. ती डिस्कवर उतरली कधी, हे कर्नलच्या, म्हणजे काँप्युटरच्या गाभ्यातल्या प्रोग्रॅमच्या, पोटात शिरूनच कळणार होतं. आणि मिलच्या मशीनचं कर्नल प्रांजलीच सांभाळायची.

उगाच भोंगा वाजून काम थांबतं, म्हणून राधेश्यामजींनी नियम केला होता: आधी नोंद, मग भोंगा. डिस्कवर अक्षर उमटल्याशिवाय आवाज नाही. भंगार चोरीला गेल्यापासून सोळा कॅमेरेही त्याच डिस्कवर लिहायचे. एवढ्या मागण्या एकदम आल्या की रांग लागते, आणि कर्नल तिला वाटूर फाट्यावरच्या जीपवाल्यासारखं वागवतं: वाटेतली, जवळजवळची शिटं आधी. लांबचा माणूस ताटकळत मरू नये म्हणून एक मुदत असते. ती भरली की त्याला उचलावंच लागतं.

प्रांजलीनं रांगेचा माग काढला. भोंग्याची नोंद शिरली बेचाळीस-सातला. बाहेर पडली बेचाळीस-पन्नासला. कॅमेऱ्यांच्या चारशे बारा मागण्या तिच्या पुढून निघून गेल्या होत्या. आणि कॅमेऱ्यातलं चित्र बिलकुल न अडखळता दाखवत होतं: भडका, बेचाळीस-एकतीस.

मग मुदत कुठं गेली?

बदलांच्या यादीत एक ओळ होती. दिवाळीच्या आधीची. मुदत काढली, चित्र अडखळते म्हणून. पुढं नाव: प्रांजली. त्या दिवशी राधेश्यामजींनी पेढे पाठवले होते. तिनं दोन खाल्लेही होते.

तिनं तेवढाच भार टाकून पुन्हा चालवून पाहिलं. एक्केचाळीस सेकंद. मुदत परत लावली. एका सेकंदाच्या आत नोंद उतरली. इतकं सोपं होतं ते.

“घावलं का काही?” पुंजारामनं विचारलं, आणि लगेच म्हणाला, “न्हाई घावत कधीकधी.” त्या पाळीला तोही भट्टीवरच होता.

तेवढ्यात कौसल्या दारात आली. हातात राधेश्यामजींचाच पेन.

“सही करते मी. पर ताई, एक सांगा. घरी कुकरची शिट्टी झाली की हे अंगणातून वरडायचे, ‘झाली गं!’ म्हणून. मंग तवाच कसं आलं न्हाई ऐकू?”

राधेश्यामजी खिडकीबाहेर बघू लागले. पुंजाराम पंख्याकडे.

“वहिनी, पेन ठेवा खाली,” प्रांजली म्हणाली. “भोंगा वाजलाच नव्हता. ते पडल्यावर वाजला. माझ्यामुळं.”